घड्याळाची पारख

मनगटी घड्याळ घ्यावे असा विचार मनात आला, की अंधेरी, बोरिवली, मुलुंड वा घाटकोपर येथील सामान्य गृहस्थ प्रथम एखाद्या प्रशस्त दुकानात शिरतो, काचेखाली मांडलेल्या घड्याळांवरून दृष्टी फिरवतो, विक्रेत्याने उच्चारलेली परदेशी नावे आदराने ऐकून घेतो आणि आपल्या ऐपतीच्या अगदी वरच्या सीमेवर जे नाव सर्वांत भारदस्त वाटेल त्यावर बोट ठेवून मोकळा होतो. हा क्रम उलटा असावयास हवा. खरेदीस निघण्यापूर्वी त्याने स्टेशनाबाहेरच्या एखाद्या घड्याळजीच्या गाळ्यापाशी दोन-चार संध्याकाळी शांतपणे उभे राहावे. डोळ्याला भिंग लावून बसलेला तो कारागीर कोणती घड्याळे आनंदाने उघडतो, कोणती नाइलाजाने उघडतो आणि कोणती हातात घेऊन, उलटसुलट पाहून, ‘याचा पार्ट मिळत नाही’ एवढ्या चार शब्दांत परत करतो, याची मनात नोंद करावी आणि मगच दुकानाची पायरी चढावी. घड्याळाचे खरे मूल्य माझ्या मते दोन प्रश्नांच्या उत्तरांवर ठरते: वीस वर्षांनंतर ते कोणी उघडून दुरुस्त करू शकेल काय, आणि उघडल्यावर आत जे दिसेल ते मूळचेच असेल काय. आयुष्यात एकच घड्याळ घेणाऱ्याला आणि कपाट भरून घड्याळे जमवणाऱ्याला हे दोन्ही प्रश्न सारखेच लागू आहेत.

मुंबईच्या उपनगरांना मिनिटांचा हिशेब आगगाडीने शिकवला. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदराहून ठाण्यास निघालेली पहिली गाडी, आज जेथे घाटकोपर आणि मुलुंड ही गजबजलेली स्थानके उभी आहेत त्याच भूमीवरून गेली. १९२८ साली पश्चिम बाजूच्या मार्गावर बोरिवलीपर्यंत विजेच्या गाड्या धावू लागल्या. आणि पुढे येथील चाकरमान्याच्या तोंडी सकाळची वेळ ‘सव्वाआठ’ अशी न येता ‘आठ-सतराची फास्ट’ अशीच येऊ लागली. त्यातही या शहराची एक विलक्षण कैफियत अशी, की १९०६ साली सर्व देशासाठी एक प्रमाणवेळ ठरल्यानंतरही मुंबईने आपली ‘मुंबई वेळ’ सोडली नाही. ती प्रमाणवेळेच्या ३९ मिनिटे मागे असे, आणि या ना त्या स्वरूपात १९५५ पर्यंत ती टिकून राहिली. रेल्वेचे वेळापत्रक एका वेळेने चाले आणि शहरातील कित्येक घड्याळे दुसऱ्या वेळेने. अशा ठिकाणी ज्याला गाडीही गाठावयाची आहे आणि कचेरीच्या हजेरीपटावर सहीही करावयाची आहे, त्याला स्वतःच्या मनगटावर घड्याळ बांधल्यावाचून गत्यंतर नव्हते.

ही गरज भागवणारा व्यापारही मुंबईतच वाढीस लागला. स्वित्झर्लंडमधील ल लॉक्ल या गावी १७३७ साली आरंभ झालेल्या फेवर-ल्युबा या घराण्याने १८६५ च्या सुमारास हिंदुस्थानाशी व्यापार सुरू केला आणि पुढील शंभर वर्षांत येथील मध्यमवर्गाच्या मनात असे घर केले, की ‘सी-किंग’ आणि ‘सी-चीफ’ ही त्यांची घड्याळे आजही मुंबईच्या जुन्या बिऱ्हाडांतील कपाटांतून हटकून निघतात. वेस्ट एंड वॉच कंपनी हे नाव १८८६ पासून मुंबई व कलकत्ता येथे रूढ झाले. तिच्या एका प्रसिद्ध घड्याळाचे नाव ‘सोवार’, म्हणजे आपला घोडेस्वार, आणि पहिल्या महायुद्धात हिंदी पलटणींबरोबर ती घड्याळे दूरच्या रणभूमीवर गेली. स्वातंत्र्यानंतर परकीय चलनाची टंचाई भासू लागली, आयातीवर निर्बंध आले, जकातीचा बोजा वाढला, आणि परदेशी घड्याळ ही एकतर पूर्वजांकडून लाभलेली वस्तू झाली किंवा चोरट्या मार्गाने बंदरात उतरलेली. सरळमार्गी कारकुनाला, शिक्षकाला, गिरणीतल्या जॉबरला यांपैकी दुसरा मार्ग पत्करणे शक्य नव्हते आणि पहिल्याचा लाभ सर्वांना नव्हता.

या सर्वांच्या मनगटावर जे घड्याळ अखेर आले, ते बंगळूरहून. १९५३ साली स्थापन झालेल्या हिंदुस्थान मशीन टूल्स या सरकारी कारखान्याने जपानच्या सिटिझन कंपनीच्या सहकार्याने १९६१ मध्ये मनगटी घड्याळे तयार करण्यास प्रारंभ केला. पहिल्या तुकडीचे वितरण पंडित नेहरूंच्या हस्ते झाले. एच.एम.टी. या तीन अक्षरांनी पुढील पंचवीस वर्षे या देशातील मध्यमवर्गाचा काळ मोजला, असे म्हटल्यास ती अतिशयोक्ती ठरणार नाही. ‘जनता’ हे त्यांतील सर्वांत लोकप्रिय, ‘पायलट’ काळ्या तबकडीचे आणि ठळक पांढऱ्या अंकांचे, ‘सोना’ पातळ आणि सोनेरी, ‘कोहिनूर’, ‘जवान’, ‘रजत’, ‘अविनाश’ ही आणखी काही, स्त्रियांसाठी ‘सुजाता’, आणि स्वयंचलित ‘कांचन’, ज्याला लग्नसराईत इतकी मागणी असे की जावयाच्या मनगटावर ते बांधावयाचे तर वधूपित्याला बरीच खटपट करावी लागे. मॅट्रिक उत्तीर्ण झाल्याबद्दल वडिलांनी दिलेले घड्याळ, पहिल्या पगारातून घेतलेले घड्याळ, पंचवीस वर्षांच्या सेवेबद्दल कंपनीने मागच्या बाजूस नाव कोरून दिलेले घड्याळ: उपनगरांतील चाळींत आणि गृहनिर्माण संस्थांत अशी एच.एम.टी. घड्याळे आजही शेकड्यांनी निपचित पडून आहेत, आणि संग्राहकाने आपला शोध तेथूनच सुरू करावा.

‘जनता’चे अंतरंग समजून घेतले, म्हणजे चावीच्या कोणत्याही घड्याळाचे तत्त्व समजते. चावी दिली की एका कोठीतील पोलादी स्प्रिंग गुंडाळली जाते. उलगडताना ती चाकांच्या मालिकेला गती देते. आणि ही गती एकदम निसटून जाऊ नये म्हणून अखेरीस एक बॅलन्सचाक, केसाहून नाजूक अशा दुसऱ्या स्प्रिंगच्या आधाराने, डावी-उजवीकडे झुलत राहून तिला ठरावीक हप्त्यांनी सोडते. ‘जनता’मध्ये हा ठोका तासाला १८,००० वेळा, म्हणजे सेकंदाला पाच वेळा पडतो. जेथे घर्षण अधिक तेथे कृत्रिम माणकाचे सूक्ष्म खडे बसवलेले असतात. तबकडीवर ‘१७ ज्वेल्स’ असे जे छापलेले असते ते यांचेच गणित, त्याचा दागिन्यांशी काही संबंध नाही. दिवसाला ८६,४०० सेकंद असतात. त्यांत पाच सेकंदांची चूक करणारे यंत्र हजारात सहा शतांश भागाइतकेही चुकत नाही. विजेवाचून, मनुष्याच्या दोन बोटांच्या बळावर हे साधते, ही गोष्ट मला आजही विस्मयकारक वाटते, आणि संग्रहाच्या छंदाचे मूळ या विस्मयातच आहे असा माझा समज आहे.

क्वार्ट्झच्या आगमनाने हे सर्व चित्र पालटले. २५ डिसेंबर १९६९ रोजी सेइको कंपनीने ‘अ‍ॅस्ट्रॉन’ हे पहिले क्वार्ट्झ मनगटी घड्याळ विक्रीस ठेवले. त्या जातीच्या आजच्या घड्याळांत स्फटिकाचा एक लहानसा तुकडा सेलच्या विजेने सेकंदाला ३२,७६८ वेळा कंप पावतो; ती संख्या लागोपाठ पंधरा वेळा निम्मी केली की बरोबर एक उरतो, आणि तो एक म्हणजे सेकंदकाट्याची एक उडी. महिन्याला दहा-पंधरा सेकंदांची तफावत, चावीची यातायात नाही, आणि किंमतही कमी. आपल्याकडे या बदलाचे महत्त्व ज्यांनी वेळीच ओळखले त्यांत झर्क्सिस देसाई यांचे नाव प्रथम घ्यावे लागेल. मुंबईतील टाटा प्रेसचा कारभार पाहणाऱ्या या गृहस्थांनी घड्याळाच्या उद्योगाचा पाठपुरावा केला, १९८४ साली टाटा समूह आणि तमिळनाडूचे औद्योगिक विकास महामंडळ यांच्या भागीदारीत टायटनची स्थापना झाली, होसूर येथे कारखाना उभा राहिला आणि थोड्याच वर्षांत एच.एम.टी.ची सद्दी संपुष्टात आली. सरकारी कारखाना चावीच्या घड्याळांवर गरजेपेक्षा अधिक काळ विसंबून राहिला. जानेवारी २०१६ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाच्या समितीने एच.एम.टी. वॉचेस बंद करण्यास मंजुरी दिली; आणि ज्या घड्याळांकडे लोकांनी वीस वर्षे पाठ फिरवली होती, त्यांचा शोध नेमका त्यानंतर जोमाने सुरू झाला.

हा शोध घेणाऱ्याची मुंबईत एका मोठ्या धोक्याशी गाठ पडते, आणि त्याचे नाव जगभरच्या संग्राहकांत ‘मुंबई स्पेशल’ असे पडले आहे. जुन्या घड्याळाची विटलेली तबकडी खरवडून तिच्यावर नवा रंग चढवावयाचा, नाव पुन्हा छापावयाचे, चार निरनिराळ्या घड्याळांतून काटे, केस, चावी आणि मशीन एकत्र आणावयाचे, आणि तयार झालेला तो नवा जीव जुन्या नावाने विकावयाचा, हा प्रकार या शहरात एवढा फोफावला की फेवर-ल्युबाचे सी-चीफ, एच.एम.टी.चे पायलट आणि सेइको-५ ही तीन नावे उच्चारताच परदेशी संग्राहक प्रथम संशयाने पाहतो. मात्र याचा उगम लबाडीत नाही, हेही तितक्याच स्पष्टपणे सांगितले पाहिजे. समुद्रकाठच्या दमट हवेत तबकडीवर डाग पडत, अंक उडून जात. गिऱ्हाईक घड्याळजीला म्हणे, ‘जरा नव्यासारखं करून द्या’. आणि तबकडी पुन्हा रंगवणारे कुशल कारागीर याच शहरात असल्याने ते काम रीतसर, मागणीनुसार आणि उघडपणे होत असे. एका पिढीची ही सेवा पुढच्या पिढीत मालाची निर्मिती झाली, कारण दूरदेशीचा खरेदीदार घड्याळ हातात घेऊन पाहू शकत नाही आणि छायाचित्रात चकचकीत तबकडी आकर्षक दिसते.

पारख करावयाची तर प्रथम अक्षरे पाहावीत. कारखान्याची छपाई भिंगाखालीही कोरीव, सम आणि तीक्ष्ण दिसते. पुन्हा छापलेले नाव जाडसर, किंचित पसरलेले आणि कित्येकदा मध्यरेषेपासून ढळलेले असते. त्यानंतर मिनिटांच्या रेघा पाहाव्यात: त्या उठावाच्या खुणांशी बरोबर जुळतात काय, आणि मिनिटकाटा त्यांच्यापर्यंत पोचतो काय. आखूड काटा हा दुसऱ्या घड्याळातून आला असल्याचा जवळजवळ निश्चित पुरावा समजावा. पायलटची मूळ ओळख काळी तबकडी ही असताना शेंदरी वा पोपटी ‘पायलट’ पुढे आला, तर त्याचा रंग बहुधा कारखान्यातला नसून गल्लीतला असतो. देवनागरीत ‘जनता’ लिहिलेल्या तबकड्या कारखान्याने खरोखरच काढल्या होत्या, आणि त्या दुर्मीळ व मोलाच्या झाल्या म्हणूनच त्यांच्या नकलाही विपुल झाल्या. केसच्या कडा पाहाव्यात. पुनःपुन्हा पॉलिश केलेल्या केसचे कोपरे साबणाच्या वडीसारखे गुळगुळीत होतात. आणि अखेरीस, विकणाऱ्याला पाठ उघडून दाखवण्याची विनंती करावी. जो उघडून दाखवण्यास नकार देतो त्याच्याकडून घेऊ नये.

सेइको-५ च्या बाबतीत एक सोय आहे. पाठीवरील क्रमांकाचा पहिला अंक निर्मितीच्या वर्षाचा शेवटचा अंक असतो आणि दुसरा अंक महिन्याचा. ऑक्टोबरसाठी ‘ओ’, नोव्हेंबरसाठी ‘एन’ आणि डिसेंबरसाठी ‘डी’ ही रोमन अक्षरे येतात. पाठीवरच मशीनचा आणि केसचाही सांकेतिक क्रमांक असतो. पाठीवर एक मशीन लिहिलेले असून आत दुसरेच निघाले, तर वेगळ्या पुराव्याची जरुरी उरत नाही. एवढी खातरजमा पाच मिनिटांत होते.

मुंबई स्पेशल टाकाऊच असते, असे मात्र मी म्हणणार नाही. आतील मशीन सुस्थितीत असेल, किंमत हजार-दीड हजारांच्या आत असेल आणि विकणारा ‘डायल रिपेंट आहे’ असे स्वच्छ सांगत असेल, तर रोजच्या वापरासाठी ते घड्याळ घेण्यात काहीच गैर नाही. आक्षेप आहे तो त्याला अस्सल म्हणून दुप्पट-तिप्पट किंमत लावण्याला. उलटपक्षी डागाळलेली, पिवळसर पडलेली, परंतु कोणीही हात न लावलेली मूळ तबकडी संग्राहकाने निःशंकपणे अधिक मोलाची मानावी, आणि ‘चकाचक करून देतो’ असे कोणी म्हटले तर नम्रपणे नको म्हणावे. घड्याळाच्या मुखावरील प्रत्येक डाग हा त्याचा दस्तऐवज आहे. एकदा पुसला, की तो पुन्हा मिळवता येत नाही.

शोध कोठे घ्यावा? चोरबाजाराची ख्याती मोठी आहे आणि तेथे एखाद्या शुक्रवारी हिंडण्यात आनंदही आहे. परंतु नवशिक्याने तेथे खरेदीस न जाता नजर तयार करण्यास जावे. खरी खाण आपल्या नात्यागोत्यांत असते. आत्याच्या मुलुंडच्या घरातील देवघराशेजारचा खण, काकांच्या बोरिवलीच्या फ्लॅटमधली पोटमाळ्यावरची पत्र्याची पेटी, निवृत्त शेजाऱ्याच्या कपाटातली निरोपसमारंभाची डबी, येथे जे घड्याळ मिळते त्याची वंशावळ ठाऊक असते, त्यात भेसळ होण्याचा संभव कमी असतो, आणि विचारले तर त्याच्याशी निगडित हकीकतही ऐकावयास मिळते. दुसरा उत्तम स्रोत म्हणजे घड्याळजी स्वतः. दुरुस्तीसाठी टाकून वर्षानुवर्षे कोणी न नेलेली घड्याळे त्याच्याकडे असतात, आणि ती देताना आत काय केले आहे हे तो बहुधा मोकळेपणाने सांगतो, कारण त्याला गिऱ्हाईक एकदाच नको, जन्मभर हवे असते.

आता नव्या घड्याळांकडे वळतो. किमतीच्या उतरंडीवर जे प्रश्न पडतात त्यांचे उत्तर पुष्कळदा तबकडीच्या मागे, मशीनमध्ये असते. जगात घड्याळाची नावे शेकडो, परंतु मशीन करणारे कारखाने मोजके. सेइको, सिटिझनचा मियोटा विभाग, स्वॉच समूहाचा इटा आणि स्वतंत्र असा सेलिटा, एवढ्यांनी मिळून बाजारातील असंख्य नावांना हृदय पुरवले आहे. तेव्हा दोन घड्याळांच्या किमतीत दुपटीचे अंतर दिसले, तर आत मशीन कोणते, हा प्रश्न विक्रेत्याला जरूर विचारावा. ते एकच निघाले तर उरलेले पैसे आपण केसच्या घडणीला, काचेला, सफाईला आणि नावाला देत आहोत हे समजून द्यावेत. समजून दिलेल्या पैशांचा पश्चात्ताप होत नाही.

हजार-दोन हजारांत वेळ हवी असेल तर क्वार्ट्झसारखा पर्याय नाही. कॅसिओचे एफ-९१डब्ल्यू हे अंकीय घड्याळ १९८९ पासून जवळजवळ त्याच रूपात विकले जात आहे, त्याचा सेल सुमारे सात वर्षे टिकतो, आणि अचूकतेत ते लक्षावधी रुपयांच्या चावीच्या घड्याळास मागे टाकते. टायटनचीच सोनाटा याच पायरीवर उभी आहे, आणि गावोगावी तिचा सेल बदलून मिळतो ही तिची मोठी शक्ती. त्यावरच्या पायरीवर, तीन हजारांपासून पंधरा-वीस हजारांपर्यंत, टायटन आणि सिटिझन यांचे राज्य आहे. टायटनने २००२ साली काढलेले ‘एज’ अवघ्या साडेतीन मिलिमीटर जाडीचे होते. भारतीय अभियंत्यांनी ते होसूरमध्ये साकारले, आणि केवळ वेळ दाखवणाऱ्या, डोळ्यांना शांत वाटणाऱ्या घड्याळांत त्याला आजही तोड नाही असे मी मानतो. सिटिझनच्या ‘इको-ड्राइव्ह’ जातीत प्रकाशावर वीज साठते, सेल बदलण्याचा प्रश्नच दीर्घकाळ उद्भवत नाही. खिडकीशी बसून काम करणाऱ्याला याहून निर्वेध सोबती मिळणे कठीण.

ज्याला आयुष्यात एक तरी स्वयंचलित, टिकटिकणारे, सेलवाचून चालणारे घड्याळ घ्यावयाचे आहे, त्याने वीस ते चाळीस हजारांच्या पायरीवर थांबून सेइको आणि ओरिएंट यांचा गंभीरपणे विचार करावा, असा माझा आग्रह आहे. मशीन त्यांचे स्वतःचे, घडण भक्कम, आणि मुख्य म्हणजे उपनगरांतील अनुभवी घड्याळजीच्या हाताला ही मशीने परिचयाची आहेत. त्यावर चाळीस हजारांपासून लाखापर्यंत टिसो आणि तिच्या भगिनी येतात. त्यांच्यात बसणारे ‘पॉवरमॅटिक ८०’ हे मशीन एकदा पूर्ण भरले की ८० तास चालते, म्हणजे शुक्रवारी रात्री काढून ठेवलेले घड्याळ सोमवारी सकाळी चालूच सापडते. हाच वंश मिडो, सर्टिना आणि हॅमिल्टन या नावांखालीही नांदतो. हे सर्व उत्तम. परंतु याच मशीनच्या काही आवृत्त्यांत कृत्रिम द्रव्याचे भाग आहेत आणि त्यांची गती कारखान्यातच कायमची साधलेली असते, त्यामुळे आपल्या घड्याळजीला तेथे फारसे काही करता येत नाही. बिघडल्यास अधिकृत केंद्राकडे जाऊन संपूर्ण मशीनच बदलून घेण्याची तयारी ठेवावी लागते. प्रारंभी सांगितलेला प्रश्न येथे प्रत्यक्ष उभा राहतो.

लाखांच्या घरात, लाँजिन, ओमेगा, रोलेक्स या पायऱ्यांवर, हा प्रश्न अधिकच तीव्र होतो, कारण मोठे निर्माते आपले सुटे भाग मोकळ्या बाजारात सहसा येऊ देत नाहीत. घड्याळाबरोबर आपण जणू त्यांच्या सेवाकेंद्राशी जन्माचा करारच करतो, आणि प्रत्येक मोठ्या सर्व्हिसिंगचा खर्च एका चांगल्या जपानी घड्याळाएवढा होऊ शकतो. त्या किमतीत घडणीची जी परिसीमा मिळते तिच्याविषयी मला मनःपूर्वक आदर आहे. प्रमाणित स्विस क्रोनोमीटरला दिवसाला चार सेकंद मागे ते सहा सेकंद पुढे, या मर्यादेत राहावे लागते, आणि ही मर्यादा चाकांनी आणि स्प्रिंगांनी पाळावी हे खरोखर थोर आहे. परंतु ‘घड्याळ म्हणजे गुंतवणूक’ हा जो मंत्र अलीकडे ऐकू येतो, त्याला भुलून कर्ज काढू नये. २०२२ च्या प्रारंभी काही मोजक्या घड्याळांच्या पुनर्विक्रीचे भाव अवास्तव चढले होते आणि पुढे ते लक्षणीय उतरले, हे ध्यानात असू द्यावे. आपल्याकडे नव्या मनगटी घड्याळावर १८ टक्के जी.एस.टी. आहे, आणि एप्रिल २०२५ पासून १० लाखांहून अधिक किमतीच्या घड्याळावर विक्रेता एक टक्का कर उगमस्थानी वसूल करतो. दुकानाबाहेर पडताच ही रक्कम पुनर्विक्रीच्या हिशेबातून बाद होते.

ब्रँड कोणताही घ्या, मुंबईची हवा त्याची परीक्षा पाहतेच. तबकडीवर ‘३० मीटर’ असे लिहिलेले घड्याळ तीस मीटर पाण्यात बुडवता येते असा अर्थ नाही. तो दाब प्रयोगशाळेतील स्थिर पाण्याचा, आणि प्रत्यक्षात ते हात धुतानाचे शिंतोडे सोसते इतकेच. जून ते सप्टेंबर ज्याला अंधेरीच्या भुयारी रस्त्यातून वा घाटकोपरच्या पुलावरून भिजत जावयाचे आहे, त्याने १०० मीटरची हमी असलेले घड्याळ निवडावे, चावी पूर्ण आत आहे याची खात्री करावी, आणि जुनी एच.एम.टी. पावसाळ्यात सरळ घरी ठेवावी. काचेच्या आतल्या बाजूस धुके दिसले तर त्याच दिवशी घड्याळजी गाठावा. आठवड्याभरात गंज चढतो. चामड्याचा पट्टा आपल्या घामात वर्षभरात कुजू लागतो. पोलादी साखळी वा नायलॉनचा पट्टा येथे अधिक शहाणपणाचा. गर्दीच्या डब्यात दांड्याला घासून काचेवर ओरखडे येतात: सफायरची काच ते सहसा येऊ देत नाही, खनिज काचेवर आले की कायमचे, आणि जुन्या घड्याळांची अ‍ॅक्रिलिक काच मात्र घासून पुन्हा नितळ करता येते. एखादे स्वयंचलित घड्याळ अचानक दिवसाला काही मिनिटे पुढे धावू लागले, तर घाबरू नये; स्पीकर वा लॅपटॉपच्या सहवासात आतील बॅलन्सचाकाची नाजूक स्प्रिंग चुंबकित झालेली असण्याचा संभव असतो, आणि घड्याळजीकडील यंत्र ते काही क्षणांत निस्तरते. क्वार्ट्झ घड्याळ बंद पडले तर सेल काढून ठेवावा, कारण मेलेला सेल गळतो आणि मशीन खाऊन टाकतो.

संग्रह किती मोठा असावा, याचे उत्तर मी तेलाच्या भाषेत देईन. चावीच्या घड्याळातील तेल चार-पाच वर्षांत सुकते, आणि सुकलेल्या तेलावर चालवलेले घड्याळ स्वतःचेच दाते झिजवते. म्हणून जितक्या घड्याळांचे ऑइलिंग-क्लीनिंग आपण वेळच्या वेळी करवून घेऊ शकतो, तितकीच ठेवावीत. एका सूत्राभोवती जमवलेली सात-आठ घड्याळे, उदाहरणार्थ केवळ १९६१ ते १९८० मधील एच.एम.टी., किंवा केवळ मुंबईच्या व्यापाराशी संबंध असलेली स्विस नावे, ही विस्कळीत पन्नासांहून अधिक अभ्यासनीय असतात. एच.एम.टी.चे नवे सुटे भाग दिवसेंदिवस दुर्मीळ होत जाणार, म्हणून त्याच जातीची एक-दोन बंद घड्याळे केवळ भागांसाठी स्वस्तात घेऊन ठेवण्याची जाणत्यांची रीत नव्यांनीही अंगीकारावी, आणि ती घड्याळे आपल्या घड्याळजीपाशीच सोपवून ठेवावीत. त्याच्या हातचे काम टिकले तरच आपला संग्रह टिकेल. त्याने सांगितलेल्या मजुरीवर घासाघीस करू नये. तासभर मान वाकवून केलेल्या त्या कामाचे जे दाम तो मागतो, ते या शहरात अद्यापही अत्यल्प आहे, आणि त्याचा मुलगा या धंद्यात न येण्याचे एक कारण तेच आहे.

आणि प्रत्येक घड्याळाच्या डबीत एक कागद ठेवावा. नाव, पाठीवरचे क्रमांक, घड्याळ मूळ कोणाचे, कोणत्या प्रसंगी मिळाले, शेवटचे सर्व्हिसिंग कोणत्या साली झाले, कोणता भाग बदलला आणि बदललेला जुना भाग कोठे ठेवला आहे, हे सर्व शाईने लिहावे. नव्या घड्याळाची पावती आणि तारीख-शिक्क्यासह हमीपत्र त्यालाच जोडावे, कारण ही दोन कागदपत्रे नसतील तर अधिकृत केंद्रात हमीचा दावा करता येत नाही आणि पुढे विकतानाही किंमत उतरते. तबकडी पुन्हा रंगवलेली असेल तर तेही त्या कागदावर स्पष्ट शब्दांत नमूद करावे. उद्या ते घड्याळ आपल्या कुटुंबाबाहेर गेले, तर ते घेणाऱ्याला हे कळण्याचा हक्क आहे.